जानकीची किडनी

मुलुंडहून बोरिवलीकडे जाणारी बस पवईच्या चढाला लागली की जानकीला नेहमी बरं वाटायचं. एका बाजूला तलाव, थोडा वारा, आणि अर्धा रस्ता सरल्याचा दिलासा. त्या मंगळवारी मात्र बरं वाटायचं नाव नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन, दुपारची भलतीच वेळ, बसमध्ये जेमतेम चार टाळकी, आणि ही बाई खिडकीची जागा सोडून मागे गेली, मागची सोडून परत पुढे आली.

"मावशी, उतरायचंय का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही."

"मग बसा ना निवांत."

निवांत बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, ते कंडक्टरच्या सांगण्यावरून आता कुठून जमणार.

मांडीवर डब्याची पिशवी होती, आणि पर्समध्ये, चष्म्याच्या जुन्या घरात, रुमालात गुंडाळलेला थर्मामीटर. तसं घाबरायचं कारण काही नव्हतं. परवा रविवारीच ती चारकोपला धाकट्या भावाकडे, बाळाकडे, जाऊन आली होती. बाळाचा ताप तिने स्वतः मोजला होता. पारा असायला हवा तिथेच होता. पण निघताना तिने त्याचा हात धरला तर हात गार आणि ओला, शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटलेली.

"पंखा बिघडलाय गं, बाय," बाळा म्हणाला होता.

पंखा डोक्यावर गरगरत होता. तेव्हा ती हसली. घरी आल्यावर तो पंखा डोक्यातून जाईना. त्यात आज सकाळपासून डाव्या कुशीतला लांबलचक व्रण खाजायला लागला. नवरा गुणाजी वॉचमनची ड्युटी संपवून आला होता. तो म्हणाला, "तार आली वाटतं चारकोपची." म्हणाला थट्टेने, पण तिची पिशवी त्यानेच खुंटीवरून काढून दिली.

दीड वर्षामागे जानकीने आपली एक किडनी बाळाला दिली होती. हॉस्पिटलच्या कागदांवर तो चंद्रप्रकाश. हे नाव कुणी पुकारलं की जानकी क्षणभर इकडेतिकडे बघायची, हा कोण बुवा म्हणून. वडील गिरणीच्या संपाच्या काळातच वारले होते. आई थकलेली. मधला भाऊ लवू गावाहून आला, रक्त तपासून घेतलं, ते जुळलं नाही, आणि जुळलं नाही याचा आनंद लपवायला तो दोन दिवस तोंड पाडून बसला. जानकीचं जुळलं. गुणाजी म्हणाला, "आधीच तू एका जागी ठरत नाहीस. आणखी हलकी झालीस तर उडून जाशील." एवढं बोलून तो मोरीत गेला आणि नळ सोडून रडला. पाण्याच्या आवाजात कळत नाही असं त्याला वाटायचं.

डॉक्टरांनी ती किडनी मागे न बसवता पुढे, पोटात, जांघेच्या जरा वर बसवली. याचं जानकीला फार नवल. हात लावला तर लागेल अशा जागी आपला एक तुकडा दुसऱ्याच्या अंगात बसून कामाला लागला होता. दर रविवारी चारकोपच्या घरात पाय टाकायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला: "काय रे, माझी काय म्हणते?"

"मजेत आहे, वन्स," बाळाची बायको सुलक्षणा सांगायची. सगळे हसायचे. मग थर्मामीटर निघायचा, बाळा शहाण्या पोरासारखा तोंड उघडायचा. आणि परतताना जानकीचा डबा जड व्हायचा. कोकणातल्या घरांत कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. गिरणगावच्या चाळीत असताना शेजारणीची वाटी निदान साखरेची चिमूट घेऊन तरी घरी जायची. पण सुलक्षणा चिमटीवर भागवणारी नव्हती. सोलं, सुकी करंदी, कुळथाचं पीठ, वर ब्लाउजपीस. जानकीने भाकऱ्या न्याव्यात आणि दिवाळी घेऊन यावं, असं चाललं होतं. ती "कशाला गं" म्हणायची. गोडही वाटायचं. देवीची ओटी भरतात तशी आपली भरतायत, हे काय कमी होतं?

चारकोपच्या सेक्टरमधलं बाळाचं घर अजून अर्धवटच होतं, भिंती पक्क्या आणि वर पत्रे. जानकी गल्लीत वळली आणि थबकली. दारासमोरच्या दोरीवर गोधडी वाळत होती. या उन्हात माणसं अंगावर पातळ पांघरत नाहीत, आणि इथे गोधडी भिजून वाळतेय.

सुलक्षणा दारात आली. "वन्स? आज?"

"का, मंगळवारी बंदी आहे?"

"तसं नव्हे. ते झोपलेत. कामावर नाही गेले. बसा ना, पाणी देते." असं म्हणत ती दारातच उभी राहिली. बाजूला न होता बसा म्हणणारी बाई जानकीने पहिल्यांदाच पाहिली. ती तिच्या हाताखालून आत गेली.

खाटेवर दोन चादरींखाली बाळा होता. पंखा बंद. दात एकमेकांवर आपटताना ऐकू येत होते. उशाशी तांब्यात सब्जा भिजवलेला, बाजूला कोकमाचं सरबत.

"काही नाही, बाय," तो म्हणाला. "जरा उन्हाळी लागलीय."

"कधीपासून?"

"लागली असेल दसऱ्याच्या सुमाराला. जळजळ होते, दुसरं काय. या गरमीत कोणाला नाही होत? धन्याचं पाणी घेतोय, सब्जा घेतोय."

"आणि ही थंडी? ती पण उन्हाळीचीच?"

बाळाने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? लघवीला जळजळलं तरी त्याच दिवशी या. सांगितलं होतं की नव्हतं?"

"त्या तरुण आहेत, बाय. त्यांना काय काय सांगायचं माणसाने?"

"त्यांनी तुझं पोट उघडलेलं बघितलंय. आता लाजून काय लपवतोस?" तिने थर्मामीटर झटकला. "आ कर."

"थांब. आधी जाऊन येतो." तो उठल्यासारखं करत होता, पण हात दाराकडे न जाता उशीखाली गेला. जानकीने मनगट धरलं. मनगट तव्यासारखं तापलेलं. मुठीत क्रोसिनची पट्टी होती, बरीचशी फोडलेली.

ती त्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिला रविवारचा पंखा कळला, ओला शर्ट कळला.

"दर रविवारी?"

"दर नाही. मागचे दोन-तीन." बाळाच्या आवाजात थोडी ऐटसुद्धा होती, लेथवर काम केलेला माणूस, माप बरोबर बसवल्याचा अभिमान जात नाही. "तुझी बस पवईला आली असेल अशा बेताने घ्यायचो. तू येईपर्यंत घाम फुटून उतरायचा."

"थर्मामीटरला फसवलंस."

"तुला," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

पारा एकशेतीनच्या पुढे गेला. जानकीने थर्मामीटर पुसून चष्म्याच्या घरात ठेवला, पर्स बंद केली, परत उघडली, परत बंद केली. "उठ. जायचंय."

"मी नाही येणार."

"का? मुहूर्त नाही?"

"ते गोळी बंद करतील, बाय. पिवळी. धोंडिरामची केली ना."

धोंडिराम घाटकोपरचा, बाळाच्याच वयाचा. त्याला त्याच्या आईने, शांताबाईने, किडनी दिलेली. तपासणीच्या दिवशी बाकावर दोघे शेजारी बसायचे. धोंडिरामलाही असाच ताप आला, किडनी टिकवणारी पिवळी गोळी थांबवली, ताप गेला आणि पाठोपाठ किडनीही गेली. आता तो पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर.

"आई अजून येते त्याच्याबरोबर," बाळा म्हणाला. "डबा घेऊन बसते बाजूला. तो मान वर करून बघत नाही तिच्याकडे. मला नाही असं बसायचं तुझ्या बाजूला."

जानकी तडक बाहेर पडली. रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आली.

रिक्षात बाळा दोघींच्या मध्ये. त्याची मान कधी हिच्या खांद्यावर, कधी तिच्या. रिक्षा हायवेला लागली तसा जानकीचा इतका वेळ दाबलेला राग वर आला, आणि तो जिच्यावर काढणं सोपं तिच्यावर निघाला.

"तो येडा. तुला तर अक्कल होती? माझ्या डोळ्यांदेखत सरबतं ढवळत होतीस. एक शब्द सांगता आला नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"शपथेने ताप उतरतो?"

सुलक्षणा एरवी 'हो वन्स'च्या पलीकडे जाणारी नव्हती. आज तिने बाळाच्या डोक्यावरून जानकीकडे सरळ पाहिलं.

"वन्स, तुम्ही दर रविवारी यायचात. चपला काढायच्या आधी विचारायचात, माझी काय म्हणते. दीड वर्ष झालं. ते कसे आहेत, हे एकदा तरी विचारलंत?"

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. जानकीने बाहेर पाहिलं. बाहेर अंधेरीचे कारखाने, ट्रक, धूळ. ती थट्टा होती, असं तिला सांगायचं होतं. थट्टाच होती. पण त्या थट्टेला उत्तर द्यायच्या आधी बाळा कधी कधी पोटाला हात लावायचा, खिसा चाचपावा तसा, हे तिला आत्ता आठवत होतं. वांद्रं आलं. रिक्षा पुढे शहरात जात नाही. तिथे बाळाला उतरवून टॅक्सीत घालताना दोघींनी एकमेकींचे हात धरले, कारण दुसरा इलाज नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टर मीरा नाबर यांनी बाळाच्या पोटावर, नेमक्या त्या जागी, दोन बोटं दाबली आणि बाळा खाटेवर दुमडला. मग घाई सुरू झाली. बाटल्यांत रक्त घेतलं, सलाइन लावलं, पट्टा बांधून प्रेशर बघितलं, परत बघितलं. दोघींना बाहेर काढलं. जानकी व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. भिंतीवरचे बोर्ड वाचून झाले, कळले नाहीत ते परत वाचले.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या खऱ्या; डोळ्यांखाली मात्र जागरणाचं काळं.

"जानकीबाई, सरळ सांगते. जंतू लघवीच्या वाटेने वर चढले, किडनीत शिरले, आणि आता रक्तात उतरलेत. रक्त अंगभर फिरतं, तसे तेही फिरतायत. आम्ही इंजेक्शनं सुरू केलीत. पण नुसत्या इंजेक्शनांनी भागणार नाही. पिवळी गोळी थांबवावी लागेल."

"ती किडनीसाठी असते ना?"

"हो. परकी किडनी दिसली की शरीर तिच्यावर धावून जातं. ती गोळी शरीराला बांधून ठेवते. बांधलेला माणूस चोराशी तरी कसा लढणार? त्याला सोडावं लागेल. पण सोडला की..."

"माझ्या किडनीवरही धावेल."

"धावेलच असं नाही. धावू शकेल. शिवाय ही इंजेक्शनंही किडनीला जडच जातात."

जानकीच्या जिभेवर जुना प्रश्न अगदी टोकाशी आला होता. बाजूला सुलक्षणा उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. जानकीने प्रश्न गिळला.

"बाळा वाचेल ना?"

"लवकर आणला असतात तर हो म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता प्रयत्न करू म्हणते."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही. डॉक्टर केसपेपर उलटसुलट बघत होत्या. दुपारी भेटीच्या वेळेला जानकी खाटेशी स्टुलावर बसली होती; म्हणजे बसत होती, उठत होती, चादरीची कड खोचत होती. बाळा अर्धवट ग्लानीत. बोलणं सगळं गावच्या बोलीत गेलेलं, लहानपणीच्या.

"बाय, पाणी दी गो."

तिने ग्लास भरला. ग्लास घेण्याआधी त्याचा दुसरा हात चादरीखालून तोंडाकडे गेला. जानकीने तो मध्येच पकडला. रुमालाची गाठ, अर्धी सुटलेली, आणि आत पिवळ्या गोळ्या. निघताना घरातूनच खिशात घातल्या असणार. बांधलेल्या माणसाला डॉक्टर सोडत होत्या आणि हा चोरून पुन्हा बांधून घेत होता.

"कितवी ही?"

"तुझी ती," तो म्हणाला. "माका राखूक दिलंस. मी राखतंय."

"राखायला कोणी दिली? मी काय गाय दिली होती तुला, चारून संध्याकाळी परत बांधायला?"

त्याने मूठ आवळली. सुकलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. जानकीला ती उघडता आली असती. नर्सला हाक मारता आली असती. पण उद्या हा दुसरीकडून आणेल, उशीत लपवेल, गालात लपवेल. लपवण्यात तो हुशार होता, हे तिला आता चांगलं कळलं होतं.

ती स्टुलावर बसली.

"ऐक. तुझी बायको माझा डबा भरून देत राहिली आणि मी घेत राहिले. मला आवडायचं ते. चार बायका विचारायच्या, एवढं काय आणलंस, मी सांगायचे, भावाने दिलं. त्यातून तुला वाटलं असेल, देणंघेणं चालू आहे. तर ते बंद. मी तुला वाटी नाही दिलेली, बाळा, भरून परत करायला. दिली ती दिली. त्या दिवसापासून ती तुझी. माझी माझी म्हणत होते ते माझं चुकलं."

त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

"ती ऱ्हवली नाय तर?"

"तर नाही राहिली. मशीन आहे. धोंडिराम जगतोय की. ती जायची असेल तर जाऊ दे तिला. तुला बरोबर घेऊन जायची नाही, एवढंच मी तिला सांगते. आणि ती माझंच ऐकेल, शेवटी वळण माझ्याकडचं आहे."

तो हसला की कण्हला, कळलं नाही. जानकीने उजवा तळवा पुढे केला आणि तसाच धरला. पदर सरळ केला नाही, चादर खोचली नाही, घड्याळ पाहिलं नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. सुलक्षणा दारात येऊन उभी राहिली. नर्स काहीतरी बोलायला आली आणि मागे फिरली. तळव्याला कळ लागली तरी जानकी हलली नाही. जन्मात पहिल्यांदाच ती बाई एका जागी बसली होती.

मग बाळाची मूठ सैल झाली. रुमाल तिच्या हातात पडला. ओला, घामाने पिवळा झालेला.

दोन दिवसांनी ताप उतरू लागला. या वेळी खरा उतरला, कुठल्या गोळीच्या धाकाने नव्हे. बाळा चंद्रप्रकाश या नावाला पुन्हा ओ देऊ लागला, नर्सशी चहावरून वाद घालू लागला. आणि तो सुधारत असतानाच किडनीच्या बाजूला पोट सुजलं. लघवी कमी होत होत थांबली. डॉक्टरांनी जमेल ते केलं. शेवटी त्या व्हरांड्यात आल्या, तेव्हा किडनी गेल्याचं जानकीला चेहऱ्यावरूनच कळलं.

"मी सांगते त्याला," ती म्हणाली.

तिने सांगितलं. बाळाने भिंतीकडे तोंड केलं. ती तिथेच बसून राहिली, त्याच्यासाठी आणलेली बिस्किटं एकेक करून स्वतःच खात. पुडा संपत आला तसा तो भिंतीला म्हणाला, "माझ्यासाठी एक तरी ठेव." तेव्हा तिने पुडा त्याच्या हातात दिला. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बघवलं त्याला.

त्या संध्याकाळी मुलुंडला घरी गेल्यावर ती मोरीत गेली आणि नळ सोडला. बाहेर गुणाजी वर्तमानपत्र धरून बसला होता. पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं. एरवी थेंब सांडला तर बडबडणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने नुसतं पान उलटलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी जानकी पुन्हा चारकोपला गेली. आता आठवड्यातले दोन दिवस बाळाचे मशीनवर जात होते. चेहरा उतरलेला, पण तो खाटेवर पडून नव्हता. ओट्यावर बसून शेजाऱ्याचा बिघडलेला स्टोव्ह खोलत होता. दारात तिची जीभ सवयीने उचलली गेली. तिने चपला काढल्या, दोन्ही नीट भिंतीला लावल्या आणि मग म्हणाली, "काय रे, जेवलास?"

"तुझी वाट बघतोय. काय आणलंयस?"

"भाकऱ्या. तुझं नशीब."

ती जेवायला वाढायला बसली. थर्मामीटर तिने सुलक्षणाच्या हातात देऊन टाकला, चष्म्याच्या घरासकट. "तू बघत जा. माझ्या हाताला फसवतो तो." सुलक्षणाने तो फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला.

निघताना सुलक्षणाने पिशवी पुढे केली. जानकीने ती धरली आणि सवयीने जड वजनासाठी हात ताणला, तर हात उगाचच वर आला. डबा हलका. घासूनपुसून कोरडा केलेला, झाकण लावलेलं, आत डब्याच्याच लहान वाटीखेरीज काही नाही. सुलक्षणा तिच्या तोंडाकडे बघत होती, जरा घाबरून, पण नजर न हलवता. हे बाळाने सांगितलं होतं की तिचं तिनेच ठरवलं होतं, ते जानकीने विचारलं नाही.

"झाकण नीट बसलंय ना?"

"बसलंय, वन्स."

"मग येते मी."

बसमध्ये तिने पिशवी आधी पायाशी ठेवली, मग शेजारच्या जागेवर, मग परत उचलली. कूस खाजत होती. त्या व्रणाला कुणी कळवलंच नव्हतं बहुतेक. पवईचा उतार लागला तसे खड्डे सुरू झाले आणि रिकाम्या डब्यातली लहान वाटी खुळखुळायला लागली. पुढची बाई वळून वळून बघायला लागली. जानकीने डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला, आणि त्याला खुळखुळू दिलं.